संशोधन डॉक्टरांचे, पत परिचारिकेची

नवे औषध किंवा नवी लस बाजारात आली की वृत्तपत्रांतून नाव झळकते ते कंपनीचे. फार तर प्रमुख संशोधकाचे. ते औषध माणसाला देण्याजोगे आहे हे ठरण्यापूर्वी शेकडो, प्रसंगी हजारो माणसांनी ते स्वतःच्या देहावर घेऊन पाहिलेले असते. या माणसांना धीर देणारी, त्यांचे रक्त काढणारी, ठरल्या दिवशी त्यांना परत बोलावणारी आणि ती न आल्यास त्यांची चौकशी करणारी व्यक्ती बहुधा एक परिचारिका असते, याची दखल मात्र सहसा घेतली जात नाही. प्रश्न केवळ श्रेयाचा असता तर त्याचा एवढा बाऊ करण्याचे कारण नव्हते. श्रेयावाचून राबण्याची सवय या व्यवसायाला फार जुनी आहे. परंतु ज्या विश्वासाच्या बळावर रुग्ण आपला देह संशोधनाच्या स्वाधीन करतो, तो विश्वास प्रत्यक्षात कोणावर असतो आणि तो राखण्याचे कोणते साधन त्या व्यक्तीच्या हाती दिलेले असते, हा प्रश्न श्रेयाहून पुष्कळ मोठा आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठवाड्याच्याच मातीत घडले आणि मराठवाड्यालाच ते फारसे ठाऊक नाही. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात (याच जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली लातूर जिल्हा झाला) गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून हाती घेतला होता. बार्शीची निवड आकस्मिक नव्हती. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली होती. शहरात रुग्णालयांच्या दप्तरांवरून रुग्ण मोजता येतात. येथे रुग्णच रुग्णालयापर्यंत पोचत नव्हता, म्हणून नोंदणी करणाऱ्यांनी बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे पायांखाली घातली. त्या पायपिटीतून जे दिसले, त्यातूनच पुढील अभ्यासाची दिशा ठरली.

अभ्यासात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटणी केली गेली. एका गटातील स्त्रियांच्या स्रावाची विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्या गटात पेशींची, तर तिसऱ्या गटात गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उमटतो की काय हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटात तपासणी नव्हती. नेहमीच्या सेवा जशा मिळत होत्या तशाच मिळत राहिल्या आणि तपासणी कोठे करून घेता येईल एवढे सांगण्यात आले.

हे काम गावोगाव केले ते प्रशिक्षण दिलेल्या सहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी. त्याची अवघडता आकड्यांतून कळत नाही. जिला काही दुखत नाही, जिचे घर, शेत आणि गुरे दिवसभर तिची वाट पाहत असतात, जिने बाळंतपणाखेरीज कधी कोणा परक्यासमोर अंग उघडे केलेले नाही, अशा बाईने आपण होऊन तपासणीच्या टेबलावर येऊन निजावे, यासाठी तिला कोणते पत्रक वाचून दाखवावे? पत्रकाने हे होत नाही. ‘सिस्टर सांगतात’ या दोन शब्दांनी ते होते. ज्या बाईने गावातील अर्ध्या पोरांच्या नाळा कापल्या, लसी टोचल्या, तिचा शब्द हीच त्या १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागामागची खरी ठेव होती.

निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. विषाणू-तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. पुढच्या अवस्थेला पोचलेले कर्करोग पहिल्या गटात ३९ आढळले, चौथ्यात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम सिद्ध झाले ते भूम-परांड्याच्या परिसरात. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. शास्त्री ही नावे त्यामुळे जगाला ठाऊक झाली आणि ते योग्यच झाले. प्रसाविकांचा उल्लेख पद्धती सांगणाऱ्या भागात येतो तो त्यांच्या पदनामाने.

याच निष्कर्षांत एक बारकावा आहे व तो परिचारिकेच्या कामाशी थेट निगडित आहे. डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने उस्मानाबादेत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मात्र तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी हीच पद्धत वापरली, तेव्हा मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी ती वापरली, तेथे घट ३१ टक्के होती. पद्धत एक आणि निकाल निरनिराळे, याच्या कारणांची चर्चा तज्ज्ञांनी पुष्कळ केली आहे. सामान्य वाचकाने एवढेच ध्यानात घ्यावे की, या पद्धतीत मोजमापाचे यंत्र म्हणजे एका स्त्रीची नजर असते. काटा बिघडला तर वजनमापे खात्याचा निरीक्षक तो तपासतो. नजर तपासायची तर तीच नजर वीस वर्षे वापरलेली दुसरी परिचारिकाच शेजारी उभी असावी लागते. संशोधनातील ज्येष्ठ परिचारिका म्हणजे नुसती कारकुनी वाढलेली परिचारिका नव्हे, ती या अर्थाने.

क्षयरोगाच्या बाबतीत हे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या प्रसिद्ध चाचणीत काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच गोळ्या दिल्या. घरी राहूनही रुग्ण तितकेच बरे होतात, हा तिचा निष्कर्ष १९५९ साली आला आणि आरोग्यधामांचे युग संपले. पण घरी दिलेल्या गोळ्या रुग्णाने खरोखर घेतल्या, हे कशावरून? अवचित घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणे आणि लघवी तपासणे, हे काम ज्यांनी केले त्यांच्या नोंदींवर तो निष्कर्ष उभा होता.

आता त्या चौथ्या गटाकडे वळले पाहिजे, कारण खरी टोचणी तेथे आहे. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल या तिन्ही अभ्यासांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया बिनतपासणीच्या गटात होत्या आणि त्यांपैकी २५४ या रोगाने दगावल्या, असा हिशेब २०१४ साली एका अमेरिकन टीकाकाराने मांडला आणि हे संशोधन नीतीला धरून नव्हते असा आक्षेप घेतला. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत केव्हाच ठाऊक असताना येथे हजारो बायकांना तपासणीवाचून का ठेवले, असा त्याचा सवाल. संशोधकांचे उत्तर असे की, त्या काळी ग्रामीण भारतात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. जे नव्हतेच ते कोणापासून हिरावून घेतले असे म्हणता येणार नाही. आणि येथल्या परिस्थितीत कोणती पद्धत चालते हे तुलनेवाचून कळले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. २०१६ साली केंद्र सरकारने या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे या अभ्यासांचा आधार होता, हे नाकारता येत नाही; आणि ज्या घरांतून ६४ तिरड्या उठल्या त्या घरांना हा युक्तिवाद कोणी ऐकवला नाही, हेही नाकारता येत नाही.

परंतु हा सारा वाद इंग्रजी नियतकालिकांतून झाला. चौथ्या गटातील गावात लसीकरणाला जाणारी जी परिचारिका असेल, तिला शिवेपलीकडच्या गावात काय चालले आहे हे कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही. ‘त्या गावच्या बायांची तपासणी होते, आमची का नाही?’ असे कोणी विचारले तर तिने काय सांगावे? चिठ्ठी तशी निघाली म्हणून? नीतिशास्त्राच्या समितीत बसणाऱ्यांना हा प्रश्न वर्षातून चार बैठकांपुरता पडतो. तिला तो आठवडी बाजारात पडतो. संशोधन आणि शुश्रूषा यांची हद्द जेथे एकमेकींत घुसते तेथे परिचारिका उभी असते. संशोधकाला उत्तर हवे असते, रुग्णाला बरे व्हायचे असते आणि ही बाई दोघांचीही नोकर असते.

नांदेड आणि लातूर येथे हा विषय परका नाही. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे, लातूरचे २००२ चे. लातुरात त्याआधीपासून खाजगी महाविद्यालयही आहे. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो आणि प्रबंध म्हटला की रुग्णांची संमती, रक्ताचे नमुने, तक्ते आणि पाठपुरावा हे सर्व आलेच. तो प्रबंध डॉक्टरचा. परंतु सकाळी सहाचा नमुना काढायचा असतो तेव्हा वॉर्डात जागी असते ती रात्रपाळीची अधिपरिचारिका.

संमतीचा कागद हा या कामाचा पाया. २०१९ च्या नव्या औषधे व चाचण्यांच्या नियमांनुसार रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत सर्व माहिती दिली पाहिजे; वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा; दुर्बल घटकांतील व्यक्तींवर नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण हवे. कुष्ठरोगाच्या औषधांबाबत चेहरा न दाखवता केवळ ध्वनिमुद्रण पुरे, एवढा विवेकही नियमकर्त्यांनी दाखवला आहे. नियम चांगले आहेत. अडते ते ‘समजणाऱ्या भाषेत’ या दोन शब्दांपाशी. देगलूर-बिलोलीकडचा रुग्ण घरात तेलुगू बोलतो, उदगीर-निलंग्याकडे कानडी कानांवर पडते, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहराच्या निम्म्या गल्ल्यांतून दख्खनी. या सर्वांपुढे येणारा कागद असतो पुण्या-मुंबईच्या भाषांतर कचेरीतील मराठीत. ‘यादृच्छिकीकरण’, ‘प्रतिकूल घटना’, ‘छद्मौषध’ हे शब्द वाचून मराठीचा प्राध्यापकही क्षणभर थबकेल.

मग कागद बाजूला ठेवून सिस्टर बोलू लागते. ‘दोन डब्या आहेत, एकीत औषध आहे, दुसरीत नुसती पिठाची गोळी. तुमच्या वाट्याला कोणती येईल ते ना डॉक्टरांना ठाऊक, ना मला.’ हे एवढे ऐकूनही समोरचा म्हातारा म्हणतो, ‘तुम्ही चांगलीच द्याल की, बाई.’ या वाक्यात संशोधनाच्या नीतीची अर्धी अडचण आली. औषध-चाचणी म्हणजे उपचार नव्हे, हे त्याला पटत नाही, कारण सांगणाऱ्या बाईने आजवर त्याच्यावर उपचारच केलेले असतात. तेथे थांबून, ‘काका, तसं नाही,’ असे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगायचे की अंगठा उमटवून घेऊन पुढच्या खाटेकडे वळायचे, हा निर्णय कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. तो तिचा असतो. त्यातच महिनाअखेरीस किती रुग्ण दाखल झाले याचा आकडा वरून विचारला जात असेल, तर तिचा हात कोणत्या बाजूला ओढला जाईल हे सांगायला नको.

सही मिळवणे आणि संमती मिळवणे यांत काय अंतर आहे, हे नांदेडला लागून असलेल्या राज्यातच दिसून आले आहे. तेव्हाच्या आंध्रातील, आताच्या तेलंगणातील खम्मम जिल्ह्यात २००९-१० साली मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या. २०१० साली प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. गावातील बायका लसीबद्दल साशंक होतात ते अज्ञानामुळे, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या शंकेला अशी कारणेही असतात.

संमतीनंतरचे काम तर अधिक चिकाटीचे. अठ्ठाविसाव्या दिवशी रुग्ण आला पाहिजे, दोन-तीन दिवस मागेपुढे चालेल, असे चाचणीच्या आराखड्यात असते. आराखडा लिहिणाऱ्याला मुखेड-कंधारची माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात हे ठाऊक नसते. परिचारिकेला असते, म्हणून ती पहिल्याच दिवशी मुकादमाचा फोन नंबर टिपून ठेवते. लस दोन ते आठ अंश तपमानात राहिली पाहिजे आणि भारनियमन कोणालाच विचारून येत नाही. वहीत चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एकच रेघ मारून शेजारी सही व तारीख घालायची, म्हणजे चूकही वाचता आली पाहिजे. रुग्ण ‘काही त्रास नाही’ म्हणतो आणि जाता जाता सांगतो की गावच्या डॉक्टराकडे परवा सलाइन लावून घेतले. ते सलाइन का लागले हे खोदून विचारणारी परिचारिका नसेल तर तो त्रास कागदावर कधीच येत नाही आणि औषध निर्धोक ठरते. गंभीर घटना संशोधकाने २४ तासांच्या आत कळवली पाहिजे, असा नियम आहे. परंतु ती संशोधकाला कोणी कळवायची? बहुतेक वेळा तिनेच.

असे असून शासकीय रुग्णालयांच्या पदश्रेणीत अधिपरिचारिका आहे, परिसेविका आहे, पाठ्यनिर्देशिका आहे, अधिसेविका आहे. संशोधन परिचारिका नावाचे स्थायी पद नाही. मोठ्या चाचण्यांत समन्वयक म्हणून बहुधा औषधनिर्माण किंवा जीवशास्त्राचे पदवीधर कंत्राटावर नेमले जातात. ती मुले हुशार असतात, कागदपत्रे चोख ठेवतात आणि दीड-दोन वर्षांत चांगल्या पगारावर पुण्याला जातात, यात त्यांचा दोष नाही. रुग्ण मात्र पाच वर्षांच्या पाठपुराव्यात राहतो आणि दरवेळी नव्या चेहऱ्याला आपली कहाणी सांगतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो फेटाळण्यासारखा नाही. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न ऐरणीवर आला. जेथे शुश्रूषेलाच माणूस पुरत नाही तेथून परिचारिका उचलून संशोधनाला जुंपणे ही चैन नव्हे काय? चैनच आहे, जर ती आहे त्या संख्याबळातून उचलली तर. आणि आज नेमके तेच घडते. फक्त ते कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही. पाळी संपल्यावर तक्ते भरणारी, दोन रुग्णांच्या मधल्या वेळात नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारी परिचारिका संशोधनाचे काम करतेच आहे. तो वेळ कोणत्या खाटेवरून काढला जातो हे मोजले जात नाही, एवढेच. कंपनीपुरस्कृत चाचणीत संस्थेला पैसा मिळतो. त्या पैशातून बदली परिचारिका नेमल्याखेरीज कोणत्याही वॉर्डात चाचणीला परवानगी देऊ नये, अशी अट महाविद्यालयांनी स्वतःच घालायला हवी. पद परिसेविकेच्या दर्जाचे असावे. प्रमुख संशोधकाने तिचा गोपनीय अहवाल लिहू नये. नाहीतर ‘या रुग्णाला समजलेले नाही, सही घेऊ नका,’ असे त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य ती कोठून आणणार?

नीतिशास्त्र समितीच्या बाबतीत तर एवढाही खर्च नाही. नियमानुसार समितीवर किमान सात सभासद असतात. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, किमान एक स्त्री असावी आणि निम्मे सभासद संस्थेबाहेरचे असावेत. परिचारिका असावीच असे बंधन नाही, तशी ती असू नये असेही कोठे म्हटलेले नाही. दुसऱ्या रुग्णालयातील एखादी निवृत्त अधिसेविका, जिने तीस वर्षे वॉर्ड सांभाळला आहे आणि जिला कोणत्या तालुक्यातील रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलावे हे ठाऊक आहे, ती या समितीत बसून संमतिपत्राचा मराठी मसुदा एकदा मोठ्याने वाचून पाहू शकेल. त्यासाठी दिल्लीने नियम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. नांदेड आणि लातूरच्या अधिष्ठात्यांना पुढच्या नेमणुकीच्या वेळी हे करता येईल.